लवकर म्हणजे किती वाजता?

तुम्ही चोर आहात, साहेब. टेबलावर ‘चौकशी अधिकारी’ अशी पाटी आहे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आहे, बोलणं लोण्यासारखं आहे, तरीही चोर. तुम्ही माझ्या दाजींची आठवण चोरलीत. दिवसाढवळ्या, डोक्यावर पंखा लावून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून चोरलीत आणि रिकाम्या जागी तुमची आठवण बसवून दिलीत. आता तो माणूस तुमच्या आठवणीवर जगतोय, आणि माझी बहीण रोज त्या परक्या आठवणीला जेवायला वाढतेय.

राग आला असेल तर येऊ द्या. मला चार महिने येतोय.

तुमच्या अहवालात सगळं अकरा ओळींत आटोपलंय. ‘कामगाराने मशीन चालू असताना हात आत घातला. मशीनच्या गतीत कोणताही बदल आढळला नाही. सबब, कामगाराचा निष्काळजीपणा.’ खाली दाजींच्या सहीसाठी जागा. सही केली की प्रकरण बंद आणि दाजी कायमचे घरी. मी अकरा ओळींपेक्षा जास्त जागा घेणार आहे. तुम्हाला घाई असेल, पण घाईनेच हा घोळ झालाय.

आमच्या कारखान्यात एका छपराखाली दोन कामं चालतात. डाव्या अंगाला पुस्तकबांधणी, उजव्या अंगाला पुठ्ठ्याची खोकी. मी बांधणीत, दाजी खोक्यांकडे, पंचिंग मशीनवर. हे मशीन जबड्यासारखं उघडतं, मिटतं. उघडलं की डाव्या हाताने कापलेला पुठ्ठा बाहेर, उजव्या हाताने कोरा आत, आणि मिटायच्या आधी दोन्ही हात बाहेर. मिटताना ठोका पडतो. मिनिटाला वीस ठोके, दिवसाला आठ-नऊ हजार. हात आत असला तर मशीन आपोआप थांबावं अशी सोय नव्या मशीनना असते म्हणे. आमचं जुनं. दरवर्षी तुमच्याच खात्याचा माणूस येतो, चहा पितो आणि ‘सुस्थितीत’ असा शिक्का मारून जातो.

दाजींनी हे काम सव्वीस वर्षं केलं. त्यांच्या हाताला साधा चिमटा बसलेला कोणी पाहिला नाही. कारखान्यात नवा माणूस आला की त्याला दोन दिवस दाजींच्या शेजारी नुसतं उभं करायचे. काही शिकवायचं नाही, फक्त बघ म्हणायचं. त्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

त्यानंतर तुम्ही त्यांना ऑफिसात बोलावलंत. कारखान्याच्या छताला, कोपऱ्यात, कॅमेरा आहे. त्याचं चित्रण तुम्ही दाजींना सात वेळा दाखवलंत. एकदा सरळ, एकदा हळू, मग थांबवून थांबवून. आवाज नव्हताच त्यात.

‘‘हात तुमचाच आहे ना?’’

‘‘हो साहेब.’’

‘‘कोणी ढकलला?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘मग?’’

त्या ‘मग’ला दाजींकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे होतं, तुम्ही ते देऊन टाकलंत. साप साप म्हणून भुई धोपटणारे पुष्कळ पाहिलेत, तुम्ही तर भुईकडून कबुलीजबाबही लिहून घेतलात.

घरी आल्यावर ताई म्हणाली, ‘‘अहो, नक्की झालं तरी काय?’’ दाजी सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘टक्कल दिसतंय,’’ ते म्हणाले.

‘‘कुणाचं?’’

‘‘माझंच की. सव्वीस वर्षं मशीनवर उभा राहिलो, कधी स्वतःचं टक्कल दिसलं नाही. आता आठवायला गेलं की आधी टक्कल दिसतं, मग पाठ, मग हात. वरून. कोपऱ्यातून. कुणीतरी दुसराच मूर्ख हात घालताना दिसतो आणि तो मी असतो.’’

आम्ही हसलो. ताई तर खळखळून हसली. मग हसू ओसरलं. स्वतःच्या आठवणीत कुणाला स्वतःचं टक्कल दिसतं, साहेब? डोळे आपल्या कपाळाखाली असतात, छताला नसतात. ती आठवण दाजींची नव्हतीच. तुमच्या कॅमेऱ्याची होती.

त्या दिवसापासून दाजींनी हातावरचा भरवसा सोडला. कडी लावायची तर आधी हाताकडे बघतात, मग कडीकडे, मग पुन्हा हाताकडे. डावा हात शाबूत आहे, पण त्यालाही ते जामिनावर सुटलेल्या माणसासारखं वागवतात. गॅस पेटवत नाहीत. नातीला उचलून घेत नाहीत. ‘‘हात कधी काय करील सांगता येत नाही,’’ असं हा माणूस म्हणतो, ज्याच्या हातांकडे बघून पोरं काम शिकली. परवा ताई माझ्यावरच भडकली. ‘‘मला नवरा हवाय. ह्या व्हिडिओतल्या माणसाचं मी काय करू? हा माझ्याशी नीट भांडतसुद्धा नाही रे! काही म्हटलं की ‘चूक माझीच’ म्हणतो.’’

तुम्ही दिलेली मुदत गुरुवारची होती. दाजी सही करायला तयार होते. मी नव्हतो.

आता जरा वेगळं सांगतो, पण विषय सोडत नाही. माझं शिक्षण नववी नापास. जे काही वाचलं ते पुस्तकांच्या घड्या घालता घालता. आमच्याकडे पुस्तक येतं ते मोठ्या कागदांवर, एकेका कागदावर सोळा पानं छापलेली. त्याला फर्मा म्हणतात. उलगडलेल्या फर्म्यावर सत्त्याण्णवावं पान एकशेबाराव्याच्या खांद्याला खांदा लावून असतं, काही पानं डोक्यावर उभी असतात. सगळं एकाच वेळी समोर पसरलेलं. आधी-नंतर येतं ते घडी घातल्यावर. एका फर्म्याच्या तीन हजार घड्या घालायच्या, म्हणजे ती सोळा पानं पाठ होतात, आणि मागचं-पुढचं काहीच कळत नाही, कारण ते दुसऱ्याच्या टेबलावर असतं. म्हणून मला कारखान्यात पंडित म्हणतात. सोळा पानांचा पंडित. हसा. मीही हसतो.

त्या आठवड्यात माझ्याकडे एका जाडजूड पुस्तकाचा सातवा फर्मा होता. आधुनिक फ्रेंच तत्त्वज्ञानावरचं पुस्तक. माझ्या सोळा पानांत दोन फ्रेंच माणसांचं भांडण जुंपलं होतं. पहिला म्हणत होता, घड्याळ काळ मोजत नाही, काट्याने चाललेलं अंतर मोजतं. खरा काळ आत मुरत जातो, आणि गेलेला क्षण कुठे जात नाही, पुढच्या क्षणात भिनतो. आठवणही दोन तऱ्हांची. एक चित्राची, ती तारीखवार येते. दुसरी अंगाची, तिला तारीख माहीत नसते, ती नुसती करून दाखवते. दुसरा फ्रेंच त्याच्यावर तुटून पडला होता. वाहणारं-मुरणारं काही नाही, खरा असतो तो एकेक सुटा क्षण, आणि मधला दोरा आपण मागाहून ओवतो. कोण जिंकलं ते आठव्या फर्म्यात असणार. तो माझ्याकडे आला नाही.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. म्हणाली, ‘‘तुझी ती दुसरी आठवण म्हणजे अंगवळणी पडणं. एवढ्यासाठी फ्रान्सपर्यंत कशाला गेलास?’’

तर तो मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत फिटरने दाजींच्या मशीनचं झाकण उघडलं. नव्या कामाचा पुठ्ठा जाड होता, घडीची रेघ त्यावर नीट उमटत नव्हती. म्हणून जबडा मिटल्यावर जरा जास्त वेळ दाबून राहावा अशी फोरमनची सूचना होती. आत एक वाकडी चकती असते, ती फिरते तसा जबडा चालतो. फिटरने ती बदलली. मी माझ्या टेबलाशी डबा खात बघत होतो. दाजी बाहेर नळावर. फिटरने मशीन रिकामं फिरवलं, घड्याळ लावून ठोके मोजले. वीस. पूर्वीही वीसच. ‘‘फरक नाही,’’ तो फोरमनला म्हणाला. तो खोटं बोलला नाही. तुम्हीही अहवालात तेच लिहिलंत, आणि तुम्हीही खोटं लिहिलं नाहीत. हाच तर वैताग आहे! खोटं असतं तर केव्हाच मान पकडली असती.

दोन ठोक्यांच्या मधल्या तीन सेकंदांत काय झालं ते बघा. जबडा अर्धा सेकंद जास्त मिटून राहू लागला, म्हणजे अर्धा सेकंद कमी उघडा राहू लागला. आधी दीड सेकंद उघडा असायचा, आता एक. हे मी नंतर मोबाइलवर मोजलं. शेजारच्या मशीनमध्ये जुनी चकती अजून आहे, मी दोन्ही मशीनसमोर उभा राहून शंभर-शंभर वेळा मोजलं. ठोका मात्र दोन्हीकडे तोच, तीन सेकंदांनी. कानाला तेच गाणं.

आमच्याकडे आवाज एवढा असतो की बोललेलं ऐकू येत नाही. सगळे ठोक्यावर जगतात. मी माझी घडीसुद्धा दाजींच्या ठोक्यावर घालतो, तीन ठोक्यांना एक फर्मा. मशीनकडे टक लावून कुणी काम करत नाही. तसं करणारा तासाभरात थकतो. ठोका बदलला की सगळ्यांच्या माना एकदम वळतात, हीच आमची घंटा. त्या दुपारी ठोका बदलला नाही, म्हणून एकही मान वळली नाही. ही खास आमची चूक. दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला ही करता येणार नाही. आम्ही कानावर विसंबलो.

आणि माझी स्वतःची चूक वेगळी. ती लपवणार नाही.

सुट्टी संपल्यावर मी पाणी प्यायला गेलो, दाजींच्या मागून. ‘‘दाजी, चकती बदललीय, जपून,’’ असं मी म्हणालो आणि त्यांनी मान हलवली. हे मला स्वच्छ आठवत होतं. दवाखान्यात बाकावर बसलो होतो तेव्हाही आठवत होतं, शपथेवर सांगितलं असतं. मग तुम्ही मलाही तो व्हिडिओ दाखवलात. त्यात मी दाजींच्या मागून जातो. थांबत नाही. माझी पाठ कॅमेऱ्याकडे आहे. तोंड दिसत नाही. दाजींची मान हलते, पण ती दर ठोक्याला हलतेच. चालता चालता बोललो असेन. किंवा बोलायचं मनात आलं, आणि मनात आलेलंच आता झाल्यासारखं आठवतंय. किंवा अपघात झाल्यावर, बाकावर बसल्या बसल्या, मीच स्वतःच्या सोयीची आठवण शिवून घेतली. चार महिने मी ह्या तीन पायऱ्यांवर वर-खाली करतोय. दाजींना विचारलं तर म्हणाले, ‘‘तू दिसतोस मला, मागून जाताना. पण तेही वरूनच.’’

रविवारी सकाळी मी ताईकडे गेलो. पुठ्ठ्याचे चाळीस तुकडे घेऊन गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडूने चौकोन काढला. हा जबडा. ताईच्या हातात पळी दिली, समोर पातेलं उपडं ठेवलं.

‘‘भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. दर तीन सेकंदांना एक ठोका दे.’’

‘‘शेजारी म्हणतील वेड लागलं.’’

‘‘लागलेलंच आहे. मार.’’

दाजी तयार नव्हते. ‘‘कशाला मेलेलं उकरतोस, पंडित? हात मीच घातला. बघितलंय मी.’’

‘‘बघितलंय ना? मग आता बघू नका. करा.’’

तसे ते उभे राहिले. ताईने ठोका दिला. दाजींनी डाव्या हाताने तुकडा उचलला, उजवा पुढे नेला, आणि हात हवेतच थांबला. दुसरा ठोका. पुन्हा तेच. हात चौकोनाच्या कडेपर्यंत जायचा आणि बुजलेल्या बैलासारखा मागे यायचा. मी म्हटलं डोळे मिटा. मिटले. ‘‘डोळे मिटले की आणखीच दिसतं,’’ ते म्हणाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं, झालं, आपली सोळा पानं संपली.

ताईला तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नाही. ती ठोके देता देता कंटाळली आणि तिने आपला जुना विषय काढला.

‘‘अहो, ती फळी.’’

‘‘कुठली?’’

‘‘कुठली म्हणे! ओट्यावरची. रोज माझ्या कपाळाला लागते ती. वर्ष झालं घसा कोरडा करतेय, चार बोटं वर घ्या, चार बोटं वर घ्या म्हणून.’’

बोलून ती एकदम थबकली. पळी वरच राहिली. मी खाली बघितलं.

दाजी म्हणाले, ‘‘चार कुठून आणू? एकाचंच काम बोल.’’

‘‘तोंड बघा मेलं!’’ ताई म्हणाली. ती रडत होती की हसत, मला कळलं नाही. पण पळी पुन्हा आपटायला लागली, जरा जोरातच. ‘‘बोटांचं निमित्त नको. बोटं होती तेव्हा तरी कुठे घेतली वर?’’

‘‘भिंत पोकळ आहे गं तिथे. खिळा धरत नाही.’’

‘‘दर वेळी भिंतच पोकळ!’’

‘‘मग डोकं जरा खाली घालून चालावं माणसानं.’’

‘‘मी? खाली? माझ्या घरात?’’

आणि साहेब, हात चालू झाला. डावा बाहेर, उजवा आत, बाहेर. डावा, उजवा, बाहेर. दाजी ताईकडे बघत भांडत होते आणि खाली हात आपापले चालत होते, अंगठा नि करंगळीच्या चिमटीत तुकडा धरून. मी मोबाइल काढला. उजवा हात चौकोनात शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत मोजत गेलो. सव्वा सेकंद. पुन्हा सव्वा. पुन्हा. तीस वेळा मोजलं, केसाइतका इकडेतिकडे. मोडका हात, तीन महिने बंद असलेला, आणि तरी सव्वा सेकंद!

दीड सेकंद उघड्या जबड्यात सव्वा सेकंदाचा हात सव्वीस वर्षं सुखरूप होता. एक सेकंद उघड्या जबड्यात तोच हात, तितकाच नेमका, तितकाच प्रामाणिक. नवी चकती बसल्यावर दाजी पाऊण तास वाचले, कारण काहीतरी आखडल्यासारखं त्यांना जाणवत होतं आणि ते मुद्दाम घाई करत होते, हे त्यांनीच मागाहून सांगितलं. साधारण नऊशे वेळा घाई केली. मग क्षणभर मन दुसरीकडे गेलं आणि हात आपल्या मूळ चालीवर आला. तुम्ही ज्याला निष्काळजीपणा म्हणता ती सव्वीस वर्षांची काळजी होती, हाडात मुरलेली.

दाजी एकदम थांबले. पुठ्ठ्याचा तुकडा खाली पडला.

‘‘फळी,’’ ते म्हणाले.

‘‘आता काय?’’ ताई.

‘‘त्या दिवशी मी फळीचाच विचार करत होतो. पोकळ भिंतीला लाकडी गुल्ली ठोकून बघावी म्हणून. गुल्ली केवढी लागेल, ते.’’ त्यांनी डोळे मिटले. ‘‘पुठ्ठा कोमट होता. डावीकडून लोखंडाचा वास येत होता. आणि जबडा यायला लागला तेव्हा मी... मला भीती नाही वाटली रे आधी. नवल वाटलं. मनात आलं, अरे, लवकर? असं. आज लवकर कसा?’’

‘‘टक्कल?’’ मी विचारलं.

‘‘नाही,’’ दाजी म्हणाले. ‘‘समोर जबडा दिसतोय.’’

ताईने पळी टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता.

माझी सोळा पानं मला त्या सकाळी कळली. ‘लवकर’ हे घड्याळात नसतं. घड्याळाला काहीच लवकर नाही आणि काहीच उशिरा नाही. कॅमेऱ्यालाही नाही. तो सेकंदाला पंचवीस चित्रं काढतो आणि एकाही चित्राला पुढच्याची वाट बघता येत नाही. लवकर त्यालाच वाटतं ज्याच्या अंगात आधीचं सगळं भिनलेलं आहे आणि जो त्या जोरावर पुढच्याची वाट बघतो. तुमच्या व्हिडिओत हात आहे, जबडा आहे, टक्कल आहे. लवकर नाही. आणि खरं काय घडलं ते त्या एका शब्दात आहे.

गुरुवारी आम्ही तुमच्यासमोर आलो. दाजींनी सांगितलं, ‘‘साहेब, जबडा लवकर मिटला.’’

तुम्ही पेन खाली ठेवलंत. ‘‘लवकर म्हणजे किती वाजता?’’

तुमचा लिहिणारा फिसकन हसला. दाजी हसले नाहीत, लाजलेही नाहीत. म्हणाले, ‘‘वाजता नाही साहेब. माझ्या हातापेक्षा लवकर.’’

तुम्ही व्हिडिओ लावलात. ठोके मोजून दाखवलेत, तीन सेकंद, तीन सेकंद, तीन सेकंद. ‘‘अगदी वेळेवर मिटलाय,’’ म्हणालात. मी माझी मोजणी पुढे केली, दोन मशीन, शंभर-शंभर वेळा. ‘‘हे अधिकृत नाही,’’ तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मग तुम्ही अधिकृत मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. ‘‘गती तपासून झालेली आहे.’’ फिटरला बोलावलंत. त्याने खाली बघत सांगितलं, वीसच आहे साहेब. बाहेर जिन्यात तो मला म्हणाला, ‘‘पंडित, मला गती विचारली, मी गती सांगितली. चकतीचं विचारलं असतं तर चकतीचं सांगितलं असतं. पण कुणी विचारलं का?’’ त्याच्या घरातही खाणारी तोंडं आहेत. त्याला काय बोलणार?

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. प्रश्न चांगला शोधला होतात.

‘‘चकती बदलताना तुम्ही बघितलंत. मग यांना सांगितलंत का?’’

‘सांगितलं’ म्हटलं तर मी सुटतो आणि दाजी बुडतात, माहीत असून हात घातला म्हणून. ‘नाही’ म्हटलं तर दाजी सुटण्याची आशा. ताई माझ्याकडे बघत होती. ‘नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं, साहेब, खरंच उघडलं होतं. पण मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? ज्या खोलीत एका माणसाच्या डोक्यात परकी आठवण घातली गेली, तिथेच मी माझ्या डोक्यात एक घालून घेणार? तेही ठरवून?

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो.

तुम्ही लिहून घेतलंत: ‘साक्षीदाराची स्मृती अविश्वसनीय.’ लिहा. पण शेजारी हेही लिहा की मशीन बदलल्याचं सांगणं हे घड्या घालणाऱ्याचं काम नव्हतं. ते सांगण्यासाठी कारखान्याने फोरमन नावाचा माणूस नेमलाय. त्याला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. व्हिडिओत तो जबड्यापासून सहा पावलांवर उभा आहे.

ताई जिन्यात मला म्हणाली, ‘‘शहाण्या, एक शब्द बोलला असतास.’’ दोन जिने उतरल्यावर ती म्हणाली, ‘‘बोलला असतास तर उद्या मी तुझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवला असता?’’ एवढंच. अजूनही ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही.

पण त्याच्या आधीचं राहिलं. तुम्ही कागद पुढे केलात. उजव्या हातात पेन धरणं जमत नव्हतं, तेव्हा म्हणालात, ‘‘अंगठा आहे ना? अंगठा द्या.’’ मधाळ आवाजात म्हणालात. दाजींनी पेन डाव्या हातात घेतलं. आयुष्यात डाव्या हाताने एक अक्षर न लिहिलेला माणूस, पाच मिनिटं लिहीत होता. सहीच्या जागेवर त्यांनी लिहिलं: ‘जबडा लवकर मिटला.’ आणि खाली नाव. हाताकडे न बघता कागदाकडे बघत लिहिलं, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. माझ्या बहिणीच्याही आलं.

‘‘असं लिहायला इथे जागा नाही,’’ तुम्ही म्हणालात आणि फाईल मिटलीत.

याला तीन आठवडे झाले. तुमच्याकडून ना होय, ना नाही. मशीन तेच आहे, चकती तीच आहे. फक्त आता तिथे दुसरा माणूस उभा राहतो. चाळिशीचा आहे, दुसऱ्या कारखान्यातून आलाय, पंधरा वर्षं पंचिंगवरच होता. म्हणजे त्याच्याही हातात दुसऱ्या कुठल्या तरी जबड्याची पंधरा वर्षं आहेत. त्याचा हात किती सेकंदांचा आहे ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. काल जेवताना तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘‘पंडित, हे मशीन जरा आखडून घेतं का हो? का मलाच तसं वाटतंय?’’

मी डबा तसाच टाकून उठलो. सुट्टी संपली तेव्हा मशीनचा खटका बंद करून त्याच्यापुढे उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल इतकं ओरडून. कामात अडथळा आणल्याचं पत्र मला संध्याकाळी मिळालं. ते खिशात आहे. ह्या वेळी मी सांगितल्याला चाळीस साक्षीदार आहेत, आणि फोरमनने त्यानंतर दोन मिनिटांत मशीन पुन्हा सुरू केलं त्यालाही तेच चाळीस.

म्हणून विचारतो, आणि आता विनंती करत नाही. तो जबडा किती वेळ उघडा राहतो? ठोके सांगू नका, ते मला झोपेतही मोजता येतात. दोन ठोक्यांच्या मध्ये काय आहे ते सांगा. तुमच्या सहीने, लेखी सांगा. तो माणूस उद्या सकाळी आठला हात आत घालायला सुरुवात करतो. त्याच्या आत उत्तर द्या.